रोना मन्रो : नाटकं आणि पटकथा शेजारी ठेवून वाचताना

नाटक आणि पडदा दोन्हींसाठी चाळीस वर्षं लिहीत असलेल्या माणसाचं काम केवळ नामावली वाचून कळत नाही. नामावलीत सगळ्या नोंदी सारख्याच वजनाच्या दिसतात. स्कॉटलंडच्या रोना मन्रो यांची नामावलीही अशीच लांबलचक आहे. जन्म १९५९ चा, ॲबर्डीनचा. एडिंबरा विद्यापीठात इतिहासाचं शिक्षण. ऐंशीच्या दशकापासून नाटकं, नभोनाट्यं, दूरचित्रवाणी मालिका, चित्रपट आणि कादंबऱ्यांची रूपांतरं. यांतलं कोणतं लेखन शब्दन् शब्द त्यांचं आणि कुठे दिग्दर्शक, संहिता-संपादक, वेशभूषाकार यांचे हात मधे आले, हे कळायला कामच हातात घ्यावं लागतं. आम्ही नाटकांचं अभिवाचन केलं आणि चित्रपट नि मालिका दृश्यागणिक टिपून काढल्या. ते करताना जे समजलं, जे अडलं, ते इथे मांडतो आहोत.

सुरुवात एका तक्त्यापासून. साल, माध्यम, कोणी मागवलं, नट किती, स्थळं किती, आणि छापील संहिता मिळते की नाही, एवढे रकाने पुरतात. शेवटचा रकाना आधी भरावा, कारण पुढच्या कामाची पद्धत तोच ठरवतो. ‘आयर्न’, ‘द लास्ट विच’, ‘जेम्स’ त्रयी ही नाटकं निक हर्न बुक्सने छापली आहेत, ती विकत मिळतात. जे छापलेलं नाही त्यासाठी ब्रिटनमध्ये एक चांगली सोय आहे. १९६८ च्या नाट्यगृह कायद्यानुसार नव्या नाटकाची प्रत पहिल्या प्रयोगापासून महिन्याभरात ब्रिटिश लायब्ररीत जमा करावी लागते. सेन्सॉरशिप उठवणारा कायदा हाच, आणि हस्तलिखितं जपण्याची तरतूदही त्यातच. ग्लासगो विद्यापीठातल्या स्कॉटिश थिएटर अर्काइव्हमध्ये प्रयोगांची कागदपत्रं, कार्यक्रमपत्रिका, छायाचित्रं आहेत. रेडिओ-टीव्हीच्या नोंदींसाठी बीबीसीचं ‘जीनोम’ हे संकेतस्थळ वापरावं. ‘रेडिओ टाइम्स’चे १९२३ ते २००९ पर्यंतचे अंक त्यावर शोधता येतात. मात्र त्या छापील वेळापत्रकाच्या नोंदी आहेत. ऐन वेळी कार्यक्रम बदलला तर जीनोमला त्याचा पत्ता नसतो, म्हणून प्रक्षेपणाची तारीख दुसऱ्या ठिकाणी पडताळल्याशिवाय तक्त्यात पक्की करू नये.

क्रम कालानुसारच ठेवायचा, पण जोड्यांनी. निव्वळ सालवार गेलं तर एका वर्षी नाटक, दुसऱ्या वर्षी मालिकेचा भाग अशा उड्या मारताना दोन माध्यमांतला फरक नजरेतून सुटतो. आम्ही ‘बोल्ड गर्ल्स’ (१९९०) आणि ‘लेडीबर्ड, लेडीबर्ड’ (१९९४) हा चित्रपट एकत्र घेतला, ‘आयर्न’ (२००२) आणि ‘ऑरेंजेस अँड सनशाइन’ (२०१०) एकत्र, ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा-मालिकेचे १९८९ आणि २०१७ चे भाग एकत्र, आणि ‘जेम्स’ नाटकं शेवटी, कारण त्यांना सलग वेळ लागतो.

‘बोल्ड गर्ल्स’ने सुरुवात करण्यात शहाणपण आहे. पात्रं चार, चौघी बायका. स्थळ पश्चिम बेलफास्ट, मुख्यतः मेरीचं स्वयंपाकघर, मग क्लब, क्लबबाहेरची जागा आणि रात्री पुन्हा तेच घर. म्हणजे एका दिवसाची गोष्ट. मेरीचा नवरा मारला गेलेला, कॅसीचा तुरुंगात, नोरा ही कॅसीची आई, आणि डिर्ड्रा ही कुठूनशी आलेली मुलगी. नाटक पहिल्यांदा केलं ‘७:८४’ या स्कॉटिश कंपनीने. देशातल्या ७ टक्के लोकांकडे ८४ टक्के संपत्ती आहे, या आकड्यावरून १९७१ मध्ये हे नाव घेतलं गेलं. गावोगावच्या सभागृहांत फिरणाऱ्या अशा कंपनीसाठी लिहिताना नटसंख्या आणि नेपथ्य दोन्ही आटोपशीर ठेवावं लागतं, आणि ते बंधन या संहितेच्या हाडात भिनलेलं आहे.

अभिवाचनाला पाच माणसं लागतात. चार भूमिकांना चार आणि रंगसूचना वाचायला एक. पाचव्या माणसाची निवड हलक्यात घेऊ नये. या नाटकात इस्त्री, कपडे, मुलांची खेळणी, भिंतीवरची तसबीर या वस्तू बोलतात. रंगसूचना भरभर वाचल्या तर निम्मं नाटक गळून जातं, आणि अभिनय करून वाचल्या तर तो माणूस पाचवं पात्र होऊन बसतो. सपाट, पण सावकाश वाचणारा शोधावा. दुसरी अडचण स्वगतांची. नाटक उघडतं तेच अंधारातल्या डिर्ड्राच्या बोलण्याने, आणि पुढेही प्रत्येकीला एकटीचा प्रकाश मिळतो. रंगमंचावर दिवा बदलला की प्रेक्षकाला कळतं, टेबलाभोवती बसून वाचताना कळत नाही. ऐकणाऱ्यांना वाटतं, ही समोरच्या बाईशीच बोलते आहे. उपाय सोपा आहे : स्वगत सुरू झालं की वाचणारीने उभं राहायचं, संपलं की बसायचं.

उच्चारांचं काय? बेलफास्टची बोली किंवा स्कॉट्स लहेजा यांची नक्कल करू नये. दहा मिनिटांत ती विनोदी होते आणि वाचणाऱ्याचं लक्ष वाक्याच्या अर्थावरून जिभेवर जातं. बोलीतले अडणारे शब्द आधी काढून प्रत्येक प्रतीच्या समासात लिहून ठेवावेत आणि वाचन साध्या इंग्रजी उच्चारांनी करावं. लय वाक्यरचनेत आहे. वाक्य जिथे तोडलंय तिथे तोडलं की ती आपोआप येते. उत्तर आयर्लंडमधल्या संघर्षाची किमान माहिती मात्र सगळ्यांना हवी. पुरुष घरात का नाहीत, दारावर थाप पडली की सगळ्या गप्प का होतात, हे संवादात समजावून सांगितलेलं नाही. समजावलं नाही, हे चांगलंच केलं.

आता चित्रपट. ‘लेडीबर्ड, लेडीबर्ड’ केन लोच यांनी दिग्दर्शित केला. गोष्ट सत्य घटनेवर आधारलेली. मॅगीला चार वेगवेगळ्या पुरुषांपासून झालेली चार मुलं समाजकल्याण खात्याने काढून घेतली आहेत. पॅराग्वेहून आलेल्या निर्वासित होर्हेशी तिचा संसार सुरू होतो आणि नव्या बाळांवरही तीच वेळ येते. मॅगीच्या भूमिकेतल्या क्रिसी रॉक या लिव्हरपूलच्या विनोदवीर. या भूमिकेसाठी त्यांना बर्लिनमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं रौप्य अस्वल मिळालं.

छापील पटकथा हाताशी नसेल तर दृश्यटिपण करावं लागतं. एका वहीत पाच रकाने : वेळ, स्थळ, कोण आत येतं, काय बदलतं, आणि आधी कोणाला काय ठाऊक होतं. थांबवत, मागे नेत पाहायचं. दहा मिनिटांच्या चित्रपटाला पाऊण तास सहज जातो, म्हणून एका बैठकीत अर्ध्याच्या पुढे जाऊ नये. नजर थकली की दोन दृश्यं एकत्र लिहिली जातात आणि तक्ता बिघडतो. हमखास चूक होते ती गतकाळाच्या दृश्यांत. सुरुवातीला कॅरिओकेच्या ठिकाणी मॅगी आणि होर्हे भेटतात आणि तिथून तिचा भूतकाळ तुकड्यातुकड्यांनी उलगडतो. पडद्यावरचा क्रम आणि घटनांचा क्रम असे दोन वेगळे आकडे प्रत्येक दृश्याला दिले नाहीत, तर कोणतं मूल कधी गेलं याचा गोंधळ होतो.

इथे एक पथ्य अगदी काटेकोर पाळायला हवं. लोच यांची पद्धत सर्वश्रुत आहे : चित्रीकरण शक्यतो गोष्टीच्या क्रमाने, आणि नटांना पानं थोडी थोडी, आयत्या वेळी. पुढे काय होणार हे नटाला ठाऊक नसतं, म्हणून त्याची प्रतिक्रिया ताजी येते. त्यात नटांच्या तोंडचे शब्द मिसळतात. तेव्हा एखादं वाक्य आवडलं म्हणून ‘मन्रो यांचं वाक्य’ असं टिपून ठेवणं धोक्याचं आहे. आम्ही संवाद पेन्सिलीने लिहिले आणि दृश्यांचा क्रम पेनाने. माहिती कोणाला कधी मिळते, दार कोण उघडतं, सही कोण मागतं, हे पटकथेतून येतं. नेमके शब्द सेटवर बदललेले असू शकतात. पटकथाकाराचं काम वाचायचं तर या सांगाड्यावर भिस्त ठेवावी.

सांगाडा पाहिला की ‘बोल्ड गर्ल्स’शी नातं लगेच उघडं पडतं. दोन्हीकडे घर बाईचं आहे, पण किल्ली तिच्याकडे नाही. दार ठोठावणारा सैनिक असो की फाइल घेऊन आलेली अधिकारी बाई, आत येण्याचा हक्क त्यांचा. आमच्या मते मन्रो यांचा खरा विषय हाच : बंद खोली, आणि तिचं दार उघडण्याचा अधिकार कोणाकडे.

‘आयर्न’मध्ये ही खोली तुरुंगातली भेटीची आहे. फे ही नवऱ्याच्या खुनासाठी जन्मठेप भोगते आहे. तिची पंचविशीतली मुलगी जोसी पंधरा वर्षांनी पहिल्यांदा भेटायला येते. जोसीला बालपण आठवत नाही. मग दोघींमध्ये एक देवघेव ठरते : मुलीने बाहेरचं जग आत आणायचं, आईने आठवणी द्यायच्या. उरलेली दोन पात्रं पहारेकऱ्यांची. एडिंबराच्या ट्रॅव्हर्स थिएटरमध्ये २००२ साली हे नाटक आलं आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये गेलं. ट्रॅव्हर्स १९६३ मध्ये सुरू झालं, नव्या लेखनासाठी ओळखलं जातं. मन्रो यांची अनेक नाटकं तिथेच उभी राहिली.

‘आयर्न’ वाचताना दोघींच्या मधे खरंच टेबल ठेवा आणि हात टेबलाखाली ठेवायला सांगा. स्पर्शाला मुभा नसणं हे या नाटकाचं इंजिन आहे. सोफ्यावर ऐसपैस बसून वाचलं तर आई-मुलीचे हळवे संवाद तेवढे ऐकू येतात, सौदा ऐकू येत नाही. पहारेकऱ्यांची वाक्यं थोडी असतात म्हणून ती कोणालाही वाटून टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्या दोघांचा आवाज भेटीच्या प्रत्येक प्रवेशात अदृश्य हजर असतो, आणि वाचणारा नवखा असला की खोलीतली पाळत नाहीशी होते. भेटींच्या मधल्या काळात किती दिवस गेले असतील याचा अंदाज पेन्सिलीने लिहून ठेवावा. फेसाठी ते दिवस जोसीपेक्षा लांब असतात, आणि पुढच्या भेटीत तिच्या पहिल्या वाक्यात ते उतरतात.

याला जोडलेला ‘ऑरेंजेस अँड सनशाइन’ दिग्दर्शित केला जिम लोच यांनी. केन लोच यांचे ते चिरंजीव, आणि त्यांचा हा पहिला चित्रपट. ब्रिटनमधून ऑस्ट्रेलियात पाठवून दिलेल्या मुलांचं प्रकरण नॉटिंगहॅमच्या समाजकार्यकर्त्या मार्गारेट हम्फ्रीज यांनी उजेडात आणलं. त्यांच्या पुस्तकावरून पटकथा बेतली आहे. भूमिका एमिली वॉटसन यांची. त्या मुलांची माफी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी नोव्हेंबर २००९ मध्ये आणि ब्रिटनच्या पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०१० मध्ये मागितली, म्हणजे चित्रपट लोकांसमोर येण्याच्या अगदी तोंडावर.

टिपण करताना दोन गोष्टी चटकन जाणवतात. ‘लेडीबर्ड’मध्ये समाजकल्याण खातं समोरच्या बाजूला होतं, इथे नायिकाच त्या खात्यातली आहे, आणि आपण तिला पहिल्यांदा पाहतो ते एका आईकडून बाळ काढून नेताना. दुसरी गोष्ट तंत्राची. इथे बालपण पडद्यावर दाखवलेलं नाही. जहाज, अनाथाश्रम, मारहाण हे सगळं दाखवायचा मोह कोणालाही झाला असता. पण म्हातारपणाकडे झुकलेली माणसं खुर्चीत बसून सांगतात, मार्गारेट ऐकते. हे तंत्र सरळ ‘आयर्न’च्या टेबलावरून आलेलं आहे. टिपणवहीत ‘सांगितलेलं’ आणि ‘दाखवलेलं’ असे दोन रकाने वाढवले की हे आपसूक दिसतं. रंगभूमीवर भूतकाळ नेहमी सांगावाच लागतो. पडद्यावर तसा तो सांगायचा तर ऐकणाऱ्या माणसात काय मोडतं, हे लिहावं लागतं, आणि मार्गारेटची ढासळत जाणारी प्रकृती हा त्याचाच भाग आहे.

‘डॉक्टर हू’कडे पुष्कळ अभ्यासक नाक मुरडून पाहतात. आमच्या दृष्टीने लेखकाच्या हाताबाहेर काय जातं हे शिकायला याहून चांगला धडा नाही. मन्रो यांनी लिहिलेल्या ‘सर्व्हायव्हल’ या कथेचे पंचवीस-पंचवीस मिनिटांचे तीन भाग नोव्हेंबर-डिसेंबर १९८९ मध्ये प्रक्षेपित झाले आणि मूळ मालिका तिथेच थांबली. ती नियमितपणे परतली ती थेट २००५ मध्ये. तीन भाग म्हणजे शेवटी टांगून ठेवणाऱ्या दोन जागा. पहिल्या भागाच्या अखेरीला जुना शत्रू समोर येतो. दुसऱ्याच्या अखेरीला नायक डॉक्टरच्या सोबतिणीचे, एसचे, डोळे पिवळे होतात. टिपताना या दोन जागांपासून मागे मागे जायचं. प्रत्येक दृश्य त्या क्षणाकडे कसं ढकललं आहे, ते तेव्हाच उमगतं.

तिसऱ्या भागाच्या शेवटी डॉक्टरचं एक छोटं भाषण ऐकू येतं. चाहत्यांना तोंडपाठ असलेलं हे भाषण मन्रो यांचं नाही. मालिका बंद होण्याची चिन्हं दिसू लागली तेव्हा संहिता-संपादक अँड्र्यू कार्टमेल यांनी ते लिहिलं आणि चित्रीकरण उरकल्यानंतर डॉक्टरची भूमिका करणाऱ्या सिल्व्हेस्टर मॅकॉय यांच्या आवाजात वेगळं ध्वनिमुद्रित केलं. श्रेयनामावलीत याचा मागमूस नाही. कथेतल्या चित्त्यासारख्या दिसणाऱ्या माणसांच्या, म्हणजे चित्तामानवांच्या, केसाळ मुखवट्यांचंही तसंच. नटांचे चेहरे दिसावेत, डोळ्यांतून भाव कळावेत, अशी मन्रो यांची कल्पना होती. मुखवट्यांनी ते झाकलं, अशी नाराजी त्यांनी नंतर बोलून दाखवली आहे. म्हणून ‘सर्व्हायव्हल’ पाहताना मुखवटा मनातून काढून चित्ताकन्या कारा आणि एस यांची दृश्यं ऐकावीत. निव्वळ आवाज लावून पाहिलं तर ती दोन मुलींमधल्या ओढीची दृश्यं आहेत हे स्वच्छ कळतं.

अठ्ठावीस वर्षांनी, जून २०१७ मध्ये, मन्रो पुन्हा याच मालिकेत आल्या. जुन्या आणि नव्या दोन्ही पर्वांसाठी लिहिणाऱ्या त्या पहिल्या लेखिका. ‘द ईटर्स ऑफ लाइट’ घडतो रोमन काळातल्या स्कॉटलंडमध्ये, हरवलेल्या नवव्या लीजनच्या, म्हणजे रोमन सैन्यदलाच्या, आख्यायिकेभोवती. एकच भाग, पाऊण तासाचा, त्यामुळे मधली टांगती जागा नाही. तणाव आतल्या आत वाटून द्यावा लागतो. दगडी समाधीतल्या एका दाराची राखण करणारी पिक्ट (स्कॉटलंडमधली प्राचीन जमात) मुलगी ही त्यातली मुख्य व्यक्तिरेखा. तिचं नाव कार. १९८९ मधल्या चित्ताकन्येचं नाव होतं कारा. योगायोग म्हणा हवं तर. या दोन्ही कथा मन्रो यांनीच कादंबरिका रूपात लिहिल्या आहेत, ‘सर्व्हायव्हल’ १९९० मध्ये आणि ‘द ईटर्स ऑफ लाइट’ २०२२ मध्ये. पटकथा छापलेली नसली तर हा ऐवज सोन्यासारखा. दृश्यटिपण शेजारी ठेवून वाचलं की संपादनात आणि चित्रीकरणात काय गळलं असावं याचा माग लागतो. अर्थात कादंबरिका नंतर लिहिलेली असते, तिला मूळ पटकथा समजू नये.

रूपांतरांवर आम्ही फार वेळ घालवला नाही. ससे, सैनिक, गुप्तहेर, फ्रँकेनस्टाइन असं बरंच आहे, आणि ते रोजगाराचं सुतारकाम आहे, सफाईदार. अपवाद २०१८ चं ‘माय नेम इज ल्यूसी बार्टन’. अभिनेत्री लॉरा लिनी एकटीच मुलगी आणि आई दोन्ही होते. रुग्णालयाची खोली, एक पलंग, एक खुर्ची. मन्रो यांना ही मापं जुनी ओळखीची.

‘जेम्स’ नाटकांना मात्र तयारी लागते. पंधराव्या शतकातले स्कॉटलंडचे तीन राजे, तीन स्वतंत्र नाटकं, प्रत्येक अडीच तासांच्या आसपास. नॅशनल थिएटर ऑफ स्कॉटलंड, एडिंबरा आंतरराष्ट्रीय महोत्सव आणि लंडनचं नॅशनल थिएटर यांनी मिळून २०१४ मध्ये ती केली, दिग्दर्शक लॉरी सॅन्सम. ऑगस्टमध्ये एडिंबरा, सप्टेंबरमध्ये लंडन, आणि १८ सप्टेंबरला स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं सार्वमत. काही दिवशी तिन्ही नाटकं सकाळपासून रात्रीपर्यंत सलग झाली. मराठी प्रेक्षकाला हा प्रकार नवा नाही; ‘वाडा’ त्रयीचे सलग प्रयोग चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ मध्येच केले होते. नटाला ते झेपतं कारण तालीम असते. टेबलावर वाचणाऱ्याला झेपत नाही. दुसऱ्या नाटकाच्या मध्यावर घसे बसतात आणि तिसऱ्यात सगळे एकाच सुरात वाचू लागतात, म्हणून तीन वेगळे दिवस ठेवावेत.

मोठ्या कागदावर वंशावळ काढून भिंतीला लावा. राजे तिन्ही जेम्स, वर डग्लस, स्टुअर्ट, लिव्हिंग्स्टन अशी घराणी. पहिल्या तासात कोण कोणाचा चुलता हे विसरलं की राजकारणाचा धागा सुटतो. तारखाही त्यावर लिहा : पहिला जेम्स १४०६ मध्ये पकडला गेला, अठरा वर्षं इंग्रजांच्या कैदेत राहून १४२४ मध्ये सुटला आणि १४३७ मध्ये पर्थला मारला गेला. दुसरा सहाव्या वर्षी गादीवर आला, १४६० मध्ये तोफ फुटून गेला. तिसरा १४८८ मध्ये सोकीबर्नच्या लढाईत. पहिल्या नाटकाच्या शीर्षकातच किल्ली आणि कुलूप आहेत, आणि नायक कैदेतून येतो. चार बायकांच्या स्वयंपाकघरातून निघालेली लेखिका राजवाड्यात पोचली तरी दार तेच.

भाषा बिचकवत नाही, कारण हे राजे आजच्या स्कॉटिश माणसासारखे बोलतात. अडचण वेगळीच होते : पोशाखी ऐतिहासिक आवाज लावायची सवय. मराठीभाषक वाचणारे तर तलवार काढल्यासारखे बोलू लागतात. पहिल्या दहा पानांत ते थांबवावं लागतं. तिसऱ्या नाटकात मार्गारेट राणी डॅनिश आहे (२०१४ मध्ये सोफी ग्रोबोल या डॅनिश अभिनेत्रीने केली), आणि संसदेसमोरचं तिचं भाषण हा त्रयीचा कळस. ते अभिवाचनात शेवटच्या मिनिटाला थकलेल्या माणसाकडे जातं. त्या वाचणारीला आधीच्या प्रवेशांत कमी काम द्या.

मालिका त्रयीवर थांबली नाही. २०२२ मध्ये चौथ्या जेम्सच्या दरबारात आलेल्या दोन कृष्णवर्णीय स्त्रियांचं नाटक झालं, त्याच वर्षी लंडनच्या हॅम्पस्टेड थिएटरमध्ये ‘मेरी’, आणि २०२४ मध्ये पाचव्या जेम्सच्या काळातलं कॅथरिन हॅमिल्टनचं नाटक. कॅथरिनचा भाऊ पॅट्रिक याला १५२८ मध्ये सेंट अँड्र्यूजला पाखंडी ठरवून जाळलं होतं. तक्त्यातला नटसंख्येचा रकाना इथे पाहण्यासारखा आहे. त्रयीला मोठा नटसंच आणि दोन राष्ट्रीय नाट्यसंस्था लागल्या. ‘मेरी’ आणि ‘कॅथरिन’ मूठभर नटांत होतात. ज्यांना दोन-चार माणसं जमवून सुरुवात करायची आहे, त्यांनी त्रयीच्या आधी ही दोन घ्यावीत. बंद खोलीत बोलून वाचायला परवानगीची गरज भासत नाही. तिकीट लावून किंवा जाहीर कार्यक्रमात वाचायचं असेल तर मात्र प्रकाशकाकडे प्रयोगहक्कांसाठी आधी अर्ज करावा, आणि उत्तर येईपर्यंत सभागृहाची तारीख घेऊ नये.